सोरायसिसचं बाकडं

सोरायसिस झाला की माणसाला दोन गोष्टी आयुष्यभर पुरतात. खाज आणि सल्ले. खाज निदान मलम लावल्यावर घटकाभर थांबते! सल्ल्यांवर अजून मलम निघालेलं नाही.

मला हा आजार होऊन एकोणीस वर्षं झाली. मी सोलापुरातल्या एका शाळेत क्लार्क आहे. कोपरं, गुडघे, पाठ आणि कपाळावर केसांच्या कडेला लाल चट्टे, त्यावर पांढरा कोंडा. तक्रार एवढीच. पण तिच्यापायी किस्से इतके साठलेत, की सांगायला बसले तर चहाचे तीन राउंड होतात आणि ऐकणारा गुपचूप स्वतःची कोपरं तपासायला लागतो.

बरेचसे किस्से जमले ते आमच्या बाकड्यावर. सात रस्त्याजवळ आमच्या स्किनच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना आहे. तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी 'लाइट' घ्यायला जायचं. कपाटासारखी उभी पेटी, आत चारी बाजूंनी अल्ट्राव्हायोलेट किरणांच्या ट्यूब. काळा गॉगल लावून आत उभं राहायचं, मॅडम सांगतील तेवढा वेळ. नंबर येईपर्यंत बाहेर बाकड्यावर आम्ही चौघं. मी, कापडाचे व्यापारी श्रीशैल अण्णा, टॉवेलच्या कारखान्यातल्या नरसम्मा अक्का आणि कुर्डुवाडीहून रेल्वेनं येणारे गायकवाड. सख्ख्या भावंडांना कधी दाखवली नाही ती कातडी आम्ही एकमेकांना दाखवली आहे.

०००

श्रीशैल अण्णांना कुणी काही सोडायला सांगितलं की ते सोडत. आधी वांगं गेलं. मग साडूनं आंबट बंद करायला लावलं. दही, ताक, चिंच गेली. दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं दूध विष आहे, दुसरं म्हणालं फक्त दूधच प्या. गहू मोबाइलवर आलेल्या एका मेसेजनं बंद केला. शेवटी शेंगाचटणीही गेली. सोलापूरच्या माणसानं शेंगाचटणी सोडली, म्हणजे विचार करा!

वर्षभरात अण्णांचा शर्ट अंगावर लोंबायला लागला. चट्टे होते तेवढेच राहिले, अण्णाच कमी झाले.

एक दिवस मॅडमनी वजन बघितलं आणि चिडल्या. "हे सगळं बंद करायला कुणी सांगितलं?"

"समद्यांनी."

"मी सांगितलं होतं?"

"तुमी न्हाय. तुमी फक्त सिगरेट सोडा म्हणाला होता."

"मग? सोडली?"

"अय्यो मॅडम," अण्णा कळवळून म्हणाले, "ते तर व्यसन हाय! ते कसं सुटंल?"

०००

मॅडम अण्णांना असंही म्हणाल्या होत्या, की सकाळचं कोवळं ऊन थोडं अंगावर घेतलंत तर चालेल. अण्णांनी 'थोडं' आणि 'कोवळं' हे दोन शब्द सोडून बाकीचं ऐकलं. मे महिना, सोलापूर, दुपारी बारा, गच्ची! बनियन काढून पालथे पडले आणि तसेच झोपले. पाठ भाजून निघाली, आणि जिथं भाजलं तिथं महिन्याभरात नवे चट्टे आले.

त्यांच्या बायकोनं मलम लावता लावता एवढंच म्हटलं, "पापडसुद्धा मी मधनं उलटते हो!"

०००

गायकवाडांचा किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. ते मूळचे जेऊरचे, नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात. अंगभर आजार. आठवड्यातून दोनदा गाडी पकडून सोलापूरला यायचं, लाइट घ्यायचा, परत ड्युटी. कंटाळले. तेवढ्यात बाजाराच्या दिवशी गावात येणारा एक औषधवाला भेटला. कागदाच्या पुडीत पांढरी पावडर. "शंभर टक्के झाडपाला! साइड इफेक्ट न्हाय!"

पंधरा दिवसांत गायकवाडांची कातडी लहान पोरासारखी झाली. बाकड्यावर पेढे घेऊन आले. आम्हाला म्हणाले, "तुमी अजून त्या पेटीतच उभं ऱ्हाताय व्हय?" खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांचा इतका हेवा वाटला, की पेढा गिळवेना.

तीन-चार महिन्यांत चेहरा गरगरीत झाला. गावातले म्हणायला लागले, "गायकवाड, तब्येत सुधारली की!" मग एका बाजाराला औषधवाला आला नाही. पुढच्यालाही नाही. पुड्या संपल्या, आणि आठवडाभरात गायकवाड डोक्यापासून पायापर्यंत लालभडक. अंगाची सालं निघायला लागली, थंडी वाजून ताप. ॲडमिट केलं. मॅडम म्हणाल्या, पावडरीत स्टेरॉइड असणार, एकदम बंद झालं की असं उसळतं.

आम्ही तिघं बघायला गेलो. चादर अंगाला चिकटत होती, गायकवाडांना कूस बदलता येत नव्हती. बायको पायथ्याशी सुन्न बसलेली. गायकवाडांनीच सगळी हकिगत आम्हाला सांगितली. शेजारच्या खाटेपाशी एक बाई ती कान देऊन ऐकत होती. पदर सावरत जवळ आली. आम्हाला वाटलं, धीर द्यायला आली असेल.

वाकून हळूच म्हणाली, "दादा, त्या पावडरवाल्याचा नंबर हाय का? माझ्या भावजयीलाबी असंच हाय."

०००

टेन्शननं सोरायसिस वाढतो, हे मॅडमनी आमच्या घरच्यांना बोलावून समजावलं. माझ्या मिस्टरांनी ते फार मनावर घेतलं. तेव्हापासून ते मला रोज बजावतात, "टेन्शन घेऊ नकोस." तेही ओरडून!

एकदा मी दमून म्हटलं, "अहो, मी घेत नाही, घरातली कामंच एवढी आहेत. थोडी तुम्ही वाटून घ्या."

तर म्हणाले, "मला नको सांगू. मला टेन्शन येतं."

०००

नरसम्मा अक्का पद्मशाली विणकरांच्या घरातल्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालून पॅकिंग करायचं काम. तीस वर्षं तेच काम. त्यांचा सोरायसिस तळहातांना. भेगा पडतात, सालं निघतात. जुने सुपरवायझर होते तोवर कुणी काही बोललं नाही. नवीन आला, त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मावशी, पांढरा माल आहे, एक्स्पोर्टचा. तुम्ही उद्यापासून खालचा कचरा काढा."

अक्कांनी घरी सांगितलं नाही. आम्हालाही महिन्यानं सांगितलं, तेही बाकड्यावर गॉगल पुसत, सहज. अण्णाच भडकले. मॅडमकडून चिठ्ठी घेतली. दवाखान्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह : हा आजार संसर्गजन्य नाही. हात लावल्यानं पसरत नाही. यांना नेहमीचं काम करण्यास हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का धुवट साडी नेसून ऑफिसात गेल्या. हातातली चिठ्ठी पुढं केली. सुपरवायझरनं ती खुर्चीतूनच मान लांब करून वाचली.

"बरोबर आहे की, मावशी. शिकलेला माणूस आहे मी. हे पसरत नाही, मला माहीत आहे."

"मग ठेवा ही तुमच्याकडं," अक्का म्हणाल्या आणि कागद त्याच्या हातात द्यायला गेल्या.

त्यानं खुर्ची मागं सरकवली. "तिथं टेबलावर ठेवा."

०००

आता माझा.

माझी मुलगी ऋतुजा बी. कॉम. झाली, एका सीएच्या ऑफिसात लागली, आणि बार्शीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, दोघं फोनवर बोलले होते, ऋतुजाला आवडला होता. ती आवडलं असं सहसा म्हणत नाही, म्हणून मला जास्तच धास्ती. बघायला येणार त्या दिवशी मिस्टर म्हणाले, "तू जरा फुल बाह्यांचं ब्लाऊज घाल. आणि केस पुढं घे." भर उन्हाळा. घातलं.

पाहुणे आले. मुलाची आई माझ्यासमोर बसली. बाईंनीही फुल बाह्या घातलेल्या! पंख्याखाली घाम निथळतोय, आणि मधूनच कोपर खुर्चीच्या हातावर हळूच घासतायत. नखांनी न खाजवता कसं खाजवायचं, हे आमच्यातल्यांनाच कळतं.

पाणी प्यायच्या निमित्तानं त्या माझ्यामागं स्वयंपाकघरात आल्या. माझ्या कपाळाकडं बघितलं. दार लोटलं.

"तुमालाबी?"

"हो. तुम्हाला?"

त्यांनी बाही वर केली. कोपरावर माझ्यासारखाच चट्टा, माझ्यापेक्षा मोठा. "बारा वर्षं झाली. मालक सोडले तर घरात कुणाला म्हाईत न्हाय. डॉक्टरकडं जायाची सोय न्हाय, कुणीतरी बघंल. येणाऱ्या सुनंला कसं सांगायचं, ह्याचा लई घोर हाय बगा."

मी म्हटलं, "माझ्या मुलीला काही सांगायची गरजच पडणार नाही. तिनं लहानपणापासून माझ्या पाठीला मलम लावलंय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फ्रीजवरची मलमाची नवीन ट्यूब त्यांच्या हातात दिली. मॅडमचा पत्ताही कागदावर लिहून दिला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. बाहेरच्या बाईनं माझे हात असे धरून कैक वर्षं झाली होती. संध्याकाळी मी ऋतुजाला म्हटलं, "तू सुखात राहशील तिथं." ती लाजली आणि आत गेली.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, ऋतुजा शेजारी उभी होती.

"मुलगी पसंत आहे हो सगळ्यांना. मुलगा तर हट्टच धरून बसला होता. पण त्याच्या आई अडून बसल्या. मुलीच्या आईला कातडीचा रोग आहे, म्हणाल्या. असलं रक्त आमच्या घरात नको."

ऋतुजानं डबा भरला, पर्स उचलली आणि ऑफिसला गेली. माझ्याकडं बघितलं नाही. पुढचे चार दिवस आमच्या घरात कामापुरतं बोलणं झालं.

पाचव्या दिवशी शाळेत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी बोलतीय. बार्शीहून."

मी फोन घेऊन व्हरांड्यात आले. पलीकडचा आवाज एकदम खाली आला, जवळ कुणीतरी असावं.

"ते मलम… दिवसातनं किती वेळा लावायचं?"

"दोनदा," मी म्हटलं. "पातळ लावा. आणि चेहऱ्याला लावू नका."