कंपनीची ॲलर्जी

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला अंबरनाथला, मोरिवलीच्या बाजूला, कुणाच्या अंगावर काही उठलं की बायकांचं निदान तयार असायचं: केमिकलची ॲलर्जी. बाबा तिथल्याच एका रसायनांच्या कंपनीत सुपरवायझर. मी चौथीत होते. माझी दहाही बोटं नखांभोवती सोललेली, कोपरांवर खपल्या. आईने आरोपी ठरवून टाकला: बाबांचे कंपनीतले कपडे.

खरं तर मीच सोलत होते. बाई फळ्यावर भागाकार मांडायच्या, दुसऱ्या ओळीला माझं डोकं भटकायला निघायचं आणि बोटं कामाला लागायची. रक्त आलं की मगच मला कळायचं. आईलाही दिसायचं, पण ती म्हणायची, "खाज सुटते बिचारीला."

मग घरात कायदे झाले. बाबांनी कंपनीतून आलं की कुठेही न टेकता थेट मोरीत जायचं. त्यांच्या कपड्यांना वेगळी बादली, वेगळा साबण. आंघोळ झाल्यावरसुद्धा मला हात लावायचा नाही. रविवारी तेच माझ्या केसांना तेल लावून दोन वेण्या घालायचे. वाकड्या व्हायच्या, पण मला त्याच आवडायच्या. तेही बंद झालं.

उल्हासनगरच्या कातडीच्या डॉक्टरने आईला विचारलं, "मिस्टर कुठे काम करतात?" उत्तर ऐकलं आणि मान हलवली. "केमिकल का असर है, भाभी." ट्यूब लिहून दिली. बोटं माझी, पण मला एका अक्षराने विचारलं नाही. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

एकदा जेवताना मी सांगून टाकलं, "मला खाज येत नाही. मीच सालं काढते."

आई बाबांना म्हणाली, "बघा, तुमची बाजू घेतेय." मग माझ्याकडे वळून, "स्वतःचं कातडं कुणी सोलतं का गं?"

बाबा अर्ध्या जेवणावरून उठले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर स्वतः कबुली देत होता आणि संन्यासीच मान पुढे करत होता! मला आईचा राग आला, त्याहून जास्त बाबांचा. भांडले का नाहीत ते?

पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या मुलीचं अभ्यासात लक्ष लागेना म्हणून डॉक्टरकडे गेले. तिला अटेन्शन डेफिसिट आहे, असं त्यांनी सांगितलं. बोटं सोलणं अशा मुलांमध्ये दिसतं, म्हणाले, आणि माझ्या हातांच्या सोललेल्या अंगठ्यांकडे बघून, "तुम्हालाही लहानपणापासून?" विचारलं.

त्याच संध्याकाळी मी बदलापूरला आईबाबांकडे गेले आणि सगळं ओरडूनच सांगितलं. आई म्हणाली, "तेव्हा कुठे होतं असलं काही?"

बाबांना आता ऐकू कमी येतं. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे मी तुला जवळ घेतलं असतं तरी चाललं असतं?"