तिसऱ्या दिवसाचे गर्भ

प्रज्ञा भिंगारदिवे चहा बशीत ओतायच्या आणि प्यायला विसरायच्या. तारखा डाव्या तळहातावर लिहायच्या. पाण्याची ऊब आधी मनगटावर थेंब टाकून बघायच्या, मग थर्मामीटरनं. कुणी नाव विचारलं की आडनाव आधी सांगायच्या, ठणकावून. लुनावरून येताना थर्मास ओढणीनं पोटाशी बांधायच्या.

थर्मासमध्ये म्हशींचे अंडाशय असायचे. भिंगारपलीकडच्या कत्तलखान्यातून आणलेले. नगरच्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत, बाई त्यातली बीजांडं सुईनं काढायच्या आणि काचेच्या ताटलीत फळवायच्या.

त्यांना एकच गोष्ट बघायची होती. जनुकांवर रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक जागं, कुठलं झोपलेलं, ते त्या खुणा ठरवतात. गर्भाच्या पहिल्या काही दिवसांत आईबापांकडून आलेल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात, मग नव्या उमटतात. उंदरात हे दिसलं होतं. म्हशीत कधी घडतं, ते बाईंना शोधायचं होतं.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, यानं दूध वाढेल का?"

"नाही."

"मग मार्चअखेर खोली रिकामी करा. झेरॉक्स मशीन यायचंय. आणि रक्तातलं कधी पुसलं जातं का हो?"

"पुसलेलं दाखवते, सर. तोवर झेरॉक्स पोर्चमध्ये ठेवा."

वीस मार्चला त्यांनी थर्मास उघडला. आत कोमट खाऱ्या पाण्याऐवजी बर्फ. गारठलेलं बीजांड पुढं वाढत नाही. त्या तशाच कत्तलखान्यात गेल्या.

"ऊन लई हाय, मॅडम," अंडाशय काढून देणारे कादरभाई कौतुकानं म्हणाले. "माल ताजा राहावा म्हणून मीच टाकला."

बाई ओरडल्या नाहीत. "भाई, बर्फ सरबतात घाला. उद्या परत येते."

आठवडाभर त्या रोज गेल्या. महिनाअखेरीला गर्भ दोन पेशींचे झाले, मग चार. पुण्याहून उसन्या आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली, खुणांना चिकटून चमकणारा रंग लावल्यावर, चार पेशींचा गर्भ दोन पेशींच्या गर्भाहून फिका चमकला. खुणा पुसल्या जात होत्या. त्या पुन्हा कधी उमटतात, ते आठ पेशींपासून पुढं दिसणार होतं.

एकतीस तारखेला प्राचार्य छगन शिपायाच्या हाती कुलूप देऊन त्याला घेऊन आले. बाई इन्क्युबेटरपुढं स्टूल टाकून बसल्या होत्या.

"आत सतरा गर्भ आहेत. उद्या दुपारी आठ पेशी होतील. मग खोली घ्या."

"नियम म्हणजे नियम, मॅडम."

"मग घाल कुलूप, छगन. मी आतच आहे."

छगननं कुलूप टेबलावर ठेवलं. "बाई आत हायेत, सर. मला न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परीक्षेच्या सुपरव्हिजनला गेल्या. उत्तरपत्रिका वाटता वाटता खाली कोसळल्या. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. वय सदतीस.

त्या दिवशी प्राचार्यांनी खोली उघडीच ठेवली.

वहीत 'दोन पेशी' यापुढं चमकेचा आकडा आहे. 'चार पेशी' यापुढंही आहे. त्याखाली 'आठ पेशी' लिहून बाईंनी पट्टीनं रेघ आखली होती. रंग कालवून ठेवला होता. गर्भ काचपट्टीवर घ्यायचे तेवढे राहिले.