रत्नागिरीकरांना नर्मदा दाखवली, तो दिवस

मी जबलपूरची. जन्म इथला, शाळा इथली, नोकरीही इथल्याच डिफेन्स फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात. तीस वर्षांहून जास्त काळ मी तिथे यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढली. बिनबोलण्याचं काम. डोकं खाली, पेन्सिल हातात. मला ते मानवलं, कारण मला बोलायची भीती वाटायची, आणि तीसुद्धा फक्त मराठी बोलायची.

हिंदीत मी भाजीवाल्यापासून मोठ्या साहेबापर्यंत कोणाशीही भांडू शकत होते. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण ती इथली मराठी, नागपूरकडून आलेली आणि हिंदीच्या शेजारात वाढलेली. सोळा वर्षांची असताना मी पुण्याला एका लग्नाला गेले होते. मांडवामागे मामेबहीण रडत बसली होती. मी तिला जवळ घेऊन विचारलं, "तू काहून रडून राहिली?" ती रडायची थांबली आणि हसत सुटली. मग तिने ते वाक्य सगळ्या घरभर सांगितलं. पुढचे तीन दिवस मुली मला 'काहून' म्हणूनच हाक मारत होत्या. तेव्हापासून महाराष्ट्रातलं कोणी भेटलं की मी सरळ हिंदीत बोलायचे. साठी आली तरी ती सवय सुटली नव्हती.

रिटायर झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी धावत खाली आली. नेपियर टाउनमध्ये ती सहलींची छोटीशी एजन्सी चालवते. तीही इथलीच मराठी.

"काकू, बडी मुसीबत झाली. परवा रत्नागिरीहून बावीस लोक येऊन राहिले, सगळे रिटायर्ड. त्यांना मराठी बोलणारा गाइड पाहिजे. मी ज्यांना ठरवलं होतं त्यांचा पाय मोडला. तुम्ही चला ना."

"मी? मी काय गाइड आहे?"

"नर्मदाजींचा एक एक घाट तुम्हाला पाठ आहे. मला तुम्हीच तर दाखवला. एकच दिवस, काकू."

घाट पाठ होते हे खरं. माझे वडील दर रविवारी मला सायकलवर बसवून ग्वारीघाटला न्यायचे. पोहायला मी तिथेच शिकले. हिवाळ्यात आम्ही दोघं काठाकाठाने मैलच्या मैल चालत जायचो, आणि प्रत्येक वळणाची गोष्ट ते मला सांगायचे. पण ते सगळं बावीस कोकणी माणसांपुढे, मराठीत?

मी विचार करून सांगते म्हटलं. घरात यजमान टीव्ही बघत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"हो म्हण."

"आणि मी तोंड उघडल्यावर ते हसले तर?"

"सहलीला आले आहेत ते. हसायलाच येतात लोक सहलीला," ते म्हणाले, आणि आवाज पुन्हा सुरू केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी स्वेटर, शाल आणि पायात बूट अशा थाटात त्यांच्या हॉटेलखाली उभी होते. बसमध्ये चढले, नमस्कार केला, आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. ते नीट गेलं. दुसरंही गेलं. मग ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला, मी धरायचा दांडा धरला, आणि तोंडातून आलं, "भैया, काहून थांबून राहिले?"

पुढच्याच सीटवर एक बाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर काठी. त्या म्हणाल्या, "काहून नव्हे. का. आणि थांबून राहिले नाही, थांबले."

मागे दोघंतिघं हसली. कोणीतरी मला सांगितलं की बाई चाळीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायच्या, त्यांच्याकडून आजवर कोणी सुटलेलं नाही. माझे कान गरम झाले. मी पटकन हिंदीवर आले. ग्वारीघाट येईपर्यंत मी हिंदीतच सांगत होते आणि बसमध्ये हळूहळू शांतता पसरत होती. शेवटच्या सीटवरून एक काका ओरडले, "ताई, कळेल असं बोला हो! हिंदी ऐकायला टीव्ही आहे घरी!"

हे काका कानटोपीत होते. पुढे दिवसभर मी त्यांना टोपीवाले काकाच म्हटलं. आयुष्य बंदरावर काढलेलं. घाटावर उतरता उतरताच त्यांनी जाहीर केलं, "आम्ही समुद्राची माणसं. नदी काय बघायची? पाणी ते पाणी."

तेवढ्यात पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवा पाण्यावरून वर उठला. दर हिवाळ्यात ते दूर उत्तरेकडून येतात, आणि नावाडी त्यांना शेव खायला घालतात. टोपीवाले काका थबकले. "हे तर आमच्याकडचे! हे इथे काय करतात?"

"हिवाळ्याला ते इथेच येतात, काका," मी म्हणाले. मराठीत. कसं आलं कळलं नाही. "तुमच्या समुद्रावरही जातात आणि आमच्या नर्मदेवरही येतात. त्यांना दोन्ही पसंत आहे."

बाया हसल्या. मला धीर आला. मी शेवेचा पुडा काढला, सगळ्यांच्या ओंजळीत थोडी थोडी शेव घातली आणि हात वर करायला सांगितलं. क्षणात डोक्यावर पंखच पंख. बावीस म्हातारी माणसं लहान मुलांसारखी ओरडत होती. इतिहासाच्या बाईंच्याही हातावरची शेव एका पक्ष्याने नेली, तेव्हा त्या "अगंबाई!" म्हणाल्या, आणि ते व्याकरणाला धरूनच होतं.

तिथून पुढे मी हिंदीवर गेले नाही. बाई चुका काढत होत्या. मी "बरं बाई" म्हणून पुढे जात होते. तिलवारा घाटावर त्यांनी माझ्या चार चुका काढल्या, जेवताना दोन. धुआंधारला मात्र त्यांना काही करता आलं नाही, कारण धबधब्याच्या आवाजात माझं बोलणंच कोणाला ऐकू येत नव्हतं. पाण्याचा धूर अंगावर येत होता, सगळ्यांचे चष्मे ओले झाले होते, आणि मी नुसती हाताने दाखवत होते.

त्यानंतर चौसष्ट योगिनींचं मंदिर. ते टेकडीवर आहे आणि वर जायला शंभराहून जास्त दगडी पायऱ्या आहेत. बसमधून उतरल्यावर सगळ्यांनी वर पाहिलं. मग सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं घाटांवर सगळ्यांनी बघितलं होतं.

"तुम्ही बसमध्ये बसा, बाई. आम्ही फोटो काढून आणतो," कोणीतरी म्हणालं.

 मंडळी चढायला लागली. मी शेवटी निघाले, मागे वळून पाहिलं, तर बाई पहिल्या पायरीपाशी काठी टेकून उभ्या होत्या. मी परत खाली आले.

"दरवर्षी शिकवायचे मी हे," त्या वर बघत म्हणाल्या. "कलचुरी राजे, त्यांची त्रिपुरी, हे गोल देऊळ. पुस्तकात नखाएवढं चित्र होतं. मुलं विचारायची, बाई, तुम्ही पाहिलंय का? मी म्हणायचे, जाणार आहे."

मला त्या क्षणी त्यांची भीती वाटेनाशी झाली.

"मग चला ना," मी म्हणाले. "आपल्याला कोणती गाडी पकडायची आहे? पाच पायऱ्या चढू, बसू. पुन्हा पाच चढू, पुन्हा बसू."

"आणि मधेच अडकले तर?"

"तर मी आहे ना. फॅक्टरीत हजेरी लावायला मी टाइम ऑफिसच्या जिन्यावरून रोज चार वेळा वरखाली करायची. तुम्ही माझा खांदा धरा."

त्यांनी माझा खांदा धरला. पकड चांगलीच होती. पाच पायऱ्या झाल्या, बसलो. मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली, ते मला या पायऱ्यांवर पळायला लावायचे ती. पुन्हा पाच. मग आमच्या ऑफिसातल्या मांजरीची गोष्ट, ती नेमकी ताज्या ड्रॉइंगवर येऊन झोपायची. मी माझ्याच मराठीत सांगत होते, येऊन राहिली आणि करून राहिली सकट. बाई धापा टाकत होत्या, त्यामुळे चुका काढायला त्यांना श्वास पुरत नव्हता. अर्ध्यावर त्या म्हणाल्या, "आता बास." मी म्हणाले, "बरं, बसा." त्या पाच मिनिटं बसल्या, काठी आपटली आणि माझ्याआधी उठल्या.

वर पोचलेल्या मंडळींना आम्ही दिसलो तसा एकच गलका झाला. टोपीवाले काका वरून पायऱ्या मोजायला लागले. शेवटच्या दहा पायऱ्या सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजल्या. बाईंनी शेवटची पायरी ओलांडली आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की देवळाचे पुजारी बाहेर आले.

आत गोल अंगण, भोवती ओवऱ्या, आणि ओवऱ्यांमध्ये बसलेल्या योगिनी. कोणाचा हात तुटलेला, कोणाचा चेहरा, तरी त्या बसल्या आहेत. बाईंनी काठी टेकून चहूकडे एक नजर फिरवली. मग वर्गात सांगावं तशा मंडळींना सांगू लागल्या, "या चौसष्ट योगिनी..."

"एक्क्याऐंशी," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवली.

"नाव चौसष्टचं आहे, बाई. पण इथे जागा एक्क्याऐंशी आहेत. मोजून घ्या."

आणि खरंच, त्यांनी मोजल्या. काठी टेकत, प्रत्येक ओवरीपुढे थांबत त्यांनी अख्खं वर्तुळ पूर्ण केलं. परत आल्या आणि सगळ्यांपुढे म्हणाल्या, "एक्क्याऐंशी. ताई बरोबर आहेत. मी इतकी वर्षं पोरांना अर्धवट शिकवलं." असं त्यांनी कोणाला आयुष्यात म्हटलं नसावं, कारण मंडळी एकमेकांकडे बघत राहिली.

शेवटी उरली होती नाव. ऊन कलतं झालं होतं. भेडाघाटच्या पंचवटी घाटावरून आम्ही एका मोठ्या नावेत बसलो आणि संगमरवरी कड्यांच्या मधून निघालो. तिथले नावाडी वल्हवता वल्हवता यमकं जुळवून माहिती सांगतात, थट्टाही करतात. आमचा नावाडी त्यात पक्का होता. टोपीवाले काका रुसल्यासारखे पाण्याकडे पाठ करून बसले होते. त्यांना पाहून तो गायला लागला, "बाएँ देखो काला पत्थर, दाएँ देखो गोरा, साहब बैठे पीठ घुमा के, इनको दिखाओ थोड़ा!"

"काय म्हणाला? काय म्हणाला?" मागून आवाज आले. मी उभी राहिले. विचार केला नाही, नाहीतर बसलेच असते.

"डावीकडे खडक काळे, उजवीकडे गोरे, साहेब आमचे काहून बसले पाण्याला पाठमोरे!"

 नाव हलेल एवढं हसू फुटलं. नावाड्याने वल्हं थांबवलं. "वाह दीदी! चलो, अब आमने-सामने!" तो एक म्हणे, मी त्याचं मराठी करी. जिथे कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं या काठावरून त्या काठावर उड्या मारायची म्हणतात, तिथपर्यंत आमची जुगलबंदी चालली. शेवटी त्याची यमकं संपली आणि मी माझं एक टाकलं, "गुडघे म्हणाले नको नको, बाई म्हणाल्या चला, एक्क्याऐंशी योगिनींना नमस्कार केला!" बाईंनी काठी नावेच्या फळीवर ठोकून ताल धरला. चूक काढली नाही.

टोपीवाले काका आता वळून बसले होते. त्यांचा हात कड्याजवळून जाताना ओल्या दगडावरून फिरला. मी त्यांना सांगितलं की भूगर्भशास्त्र शिकवणारे आमचे एक शेजारी म्हणायचे, हा संगमरवर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ, दाबला गेला, भाजला गेला आणि असा झाला.

"म्हणजे हाही समुद्रच?"

"तुमच्या समुद्राहून कितीतरी म्हातारा, काका."

त्यांनी कानटोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "मग बघायलाच हवं," ते म्हणाले, आणि नाव घाटाला लागेपर्यंत कड्यांकडेच बघत होते.

परतताना बसमध्ये बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या मुलीचा फोन आला. पुढच्या महिन्यात नाशिकची मंडळी होती, घेणार का? मी म्हटलं घेईन, पण मंदिर सकाळी पहिलं ठेव, पाय ताजे असताना. पलीकडे ती आनंदाने ओरडली तेवढं मला पुरे झालं. तेव्हापासून आतापर्यंत चार हिवाळे मी ही सहल चालवते आहे, मराठीत.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. यजमान दारातच उभे होते. "काय झालं? कसं झालं?" मी सांगायला तोंड उघडलं, तर घशातून आवाजच निघेना. दिवसभर बोलून बोलून घसा पार बसला होता. मग मी कुस्ती जिंकलेल्या पहिलवानासारखे दोन्ही हात डोक्यावर नेले आणि तशीच, बुटांसकट, घरात शिरले.