दमदम ते सांताक्रूझ, अडीच तास

भट्टी थंड होईपर्यंत गलाई दुकानात दुसरं काम नसतं. मग एकजण बोलतो, चौघं ऐकतात आणि किस्से साठत जातात. आम्ही विट्याकडची माणसं कलकत्त्यात सोनं गाळतो. आगीला भीत नाही. पण विमानाचं नाव निघालं, की अजूनही हात थांबतात!

* * *

आमचे मालक अण्णा. एका सकाळी त्यांना गावाकडून तार आली, त्यांचे वडील आबा गंभीर आहेत, लगेच निघा. रेल्वेनं दोन दिवस. विमानानं मुंबईपर्यंत अडीच तास! मला घेऊन अण्णा तिकिटाच्या ऑफिसात गेले.

"मधी कुठं कुठं थांबतंय?"

"कुठंच नाही. सोळाशे किलोमीटर सरळ."

अण्णा काउंटरवर वाकले. "अन् बिघडलं तर उतरायचं कुठं?"

तिकीटवाल्यानं नुसतं विचारलं, "किती तिकिटं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "दोन!"

मला कुणी विचारलंच नाही.

* * *

आमच्यात दुकानाबाहेर पडताना कपडे झटकतात. अंगावर सोन्याचे कण असतात. केरसुद्धा जाळून त्यातलं सोनं काढतात. त्या दिवशी अण्णा तसेच निघाले. म्हातारे कारागीर मेहबूबचाचा ओरडले, "आवं अण्णा, झटका की!"

"ऱ्हाऊ द्या चाचा. इमान पडलं, तर राख तेवढी चाळून बघा!"



* * *

विमान तीस हजार फुटांवर आहे, असं पायलटनं सांगितलं.

"म्हंजी किती रं?"

मी सातवीतच शाळा सोडलेली. बोटांवर हिशेब केला. "तीन कोस, अण्णा. आपल्या गावापास्नं विटा जेवढं, तेवढं. पण सरळ खाली."

"खाली कशाला म्हंतोस? वर म्हण की, गड्या!"

* * *

अडीच तास संपले आणि विमान उतरेना. मुंबईवर घिरट्या सुरू. अण्णांनी माझं मनगट आवळलं. "आबा गेलं असतील, तर हितंच गाठ पडंल रं!"

शेवटी चाकं टेकली. पुढं विट्यापर्यंत एस.टी.नं बारा तास. घाटात ड्रायव्हर दोन्ही हातांनी विडी पेटवत होता आणि अण्णा गाढ झोपले होते!

* * *

आबा होते. डोळे किलकिले करून त्यांनी विचारलं, "कशानं आलास?"

"इमानानं."

आठ दिवस अंथरुणाला खिळलेले आबा ताडकन उठून बसले. "अन् पडलं असतं म्हंजी? अक्कल हाय का?"

चार दिवस राहिलो. निघताना आबांनी अण्णांचा हात धरला. "रेल्वेनं जा. पोचल्याची तार कर. तार येस्तवर माझा जीव जायाचा न्हाई."

दोन दिवसांनी हावड्याला उतरलो. मी तार ऑफिसकडं वळलो, तर अण्णांनी मागून माझी कॉलर धरली.

"कुठं निघालास?"

"तार करायला."

"करू नगं," अण्णा म्हणाले.