बाटली गार आहे तोवर: धायरी ते खराडी

काल शिरीषकाकांनी काचेची बाटली माझ्या हातात ठेवून “खराडीच्या लॅबला तूच नेऊन दे” म्हटलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्या लॅबमध्ये माझ्याबरोबर कॉलेजात असलेली ऋचा आहे. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिला बघायला मुलगा येणार होता. आज तोच रविवार. फोन समोर ठेवून लिहितोय.

बाटलीत लॅक्टाइड होतं, दिसायला भरड साखरेसारखं. धायरीला काकांची छोटी शेड आहे, मी तिथे कामाला आहे. उसाच्या साखरेपासून बनलेलं लॅक्टिक ॲसिड आम्ही तापवतो, त्यातलं पाणी काढत जातो, आणि शेवटी दोन-दोन रेणू एकमेकांना धरून गोल बसतात. त्यांच्या लांब माळा केल्या की कंपोस्टमध्ये कुजणारं प्लॅस्टिक. पण ओलावा लागला की धरलेले हात सुटतात, पुन्हा ॲसिड. हा आमचा पहिला बरा नमुना. लॅबच्या तपासणीत ओला निघाला तर प्लॅस्टिक बनवणारी कंपनी चाचणीला घेणारच नाही.

श्रावणातली चिकट हवा. बाटली डब्याच्या पिशवीत, उष्णतेने माल बिघडू नये म्हणून भोवती बर्फाच्या थैल्या. सिंहगड रस्त्याला पर्याय नाही, लवकर निघा एवढंच सांगतो. प्रत्येक सिग्नलला मी चेन उघडून बाटली चाचपत होतो.

मार्केट यार्डाबाहेर पोहे जरूर खा. हमालांसाठी केलेले असतात, ताटली भरून देतात. मी पिशवी मांडीवर धरूनच खाल्ले.

“पिशवी खाली ठेवा की, पळून नाही जात,” गाडीवाले म्हणाले.

“नाजूक आहे.”

“अंडी का?”

“प्लॅस्टिक होणार आहे त्याचं.”

“मग कशाला जपताय? त्याला मरण नाही.”

“याला आहे.”

“असं? मग जपा.”

हडपसरला एक कार माझ्या स्कूटरला घासली. एरवी मी खाली उतरून तिची काच बडवली असती. पण पिशवी हेलकावली, आधी ती सावरली आणि शिवी गिळली. मुंढव्याचा पूल ओलांडला की खराडी. पाहुण्यांना आत पार्किंग देत नाहीत, मागच्या गल्लीत लावा.

“दार!”

लॅबच्या खोलीत पाऊल टाकताच ऋचाचा पहिला शब्द. खोलीत हवा कोरडी करणारं यंत्र घरघरत होतं. मी दार लावून घेतलं, बाटली काढली आणि झाकणाला हात घातला. तिने मनगटच धरलं.

“वेडा आहेस का? गार आहे ती! बाहेरून घाम बघ किती फुटलाय. आत्ता उघडलीस तर आतही तेच होईल. खोलीइतकी कोमट होऊ दे.”

“किती वेळ?”

“होईल तेव्हा होईल.”

मध्ये बाटली ठेवून आम्ही बसलो. मला बसवेना.

“उद्या त्याला नाही म्हण.”

“विचारतोयस की हुकूम सोडतोयस?”

“विचारतोय. माझ्याशी लग्न करशील?”

तिने बोटाने बाटलीचा गारवा चाचपला. “प्रॅक्टिकलवरून सरांशी भांडलास आणि त्याच दिवशी कॉलेज सोडलंस. मला दुसऱ्या दिवशी वर्गात दुसऱ्यांकडून कळलं. शेजारच्या टेबलावर काम करायचो रे आपण. आता माझं उत्तरही तुला आजच हवंय?”

हो, हवंय. ओठांवर आलं होतं, पण विचारलं दुसरंच.

“काकांना रिपोर्ट कळवशील ना?”

“कळवीन.”

“आणि मला?”

“उद्या येणाऱ्या मुलाशी नीट बोलते. मग मला काय वाटतं ते बघते. मग तुला कळवीन. आधी फोन करू नकोस.”

काचेवरचे थेंब अजून वाळले नव्हते. मी उठलो, दार उघडलं. उंबऱ्यात उभं राहून आणखी खूप काही बोलता आलं असतं. बाहेरची ओली हवा माझ्या अंगावरून आत शिरत होती. ऋचाने “दार” म्हणायच्या आत मी बाहेर पडलो आणि खटका लागेपर्यंत ते हळूच ओढून घेतलं.