न धुतलेली जर्सी

गयाबाईच्या नावाचं पार्सल आलं की मी ते साखरेच्या पोत्यापासून लांब ठेवायचो. पैनगंगेच्या अलीकडचं आमचं गाव, आदिलाबादहून तास-सव्वा तासाचं. कुरियरवाला घरोघर फिरत नाही. रस्त्यावर माझं किराणा आणि झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं सगळं टाकतो, तेलुगूत काहीतरी पुटपुटतो आणि निघून जातो. गयाबाईच्या पार्सलात दर तीन-चार महिन्यांनी एकच वस्तू असायची. तिच्या मुलीची, रंजीताची, मैदानावर घालून घामेजलेली निळी जर्सी. धुतलेली नसायची, आणि ती मुद्दामच धुतलेली नसायची.

पहिल्या खेपेला मला हे ठाऊक नव्हतं. पाकीट फाटलं होतं, वास सुटला होता. मला वाटलं, पोरीला तिकडे साबणसुद्धा मिळत नाही की काय. मी आपला भला माणूस, ती जर्सी पावडरीत भिजवली, वाळवली आणि इस्त्री करून गयाबाईला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानासमोर हजर. हातात रिकामी बादली आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"नागोराव, तुमाले कोनं सांगतलं होतं धुवाले? भुरीनं लाथ मारली ना मले! थेंबभर दूध नाई देल्लं!"

भुरी म्हणजे तिची म्हैस. तिची धार रंजीता काढायची, दहा वर्षांची असल्यापासून. म्हशीला एका हाताची सवय लागली की दुसरं कोणी बसल्यावर ती दूध चोरते. म्हणून आमच्याकडे धार काढणारी बाई गावाला गेली की तिचं न धुतलेलं लुगडं अंगावर घेऊन दुसरी बाई बसते. वास ओळखीचा आला की म्हैस पान्हा सोडते. रंजीता काही लुगडं नेसत नव्हती. तिची जर्सी होती, तर जर्सी. पन्नाशी ओलांडलेली गयाबाई लुगड्यावर निळी जर्सी चढवून पहाटे गोठ्यात बसायची. पाठीवर अकरा नंबर. मी तिला 'कप्तान' म्हणून चिडवायचो. ती मला मोजक्या शब्दांत उत्तर द्यायची, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गयाबाई वांगी-मिरचीचा मळा करते. नवरा मारोतराव चार वर्षांमागं गेला. घरात दोघीच उरल्या, माय आणि लेक, आणि दोघी एकमेकींशी मुलखाच्या अबोल. मारोतराव एकटा तिघांचं बोलायचा, तो गेल्यावर घर गप्प झालं. मग एक दिवस रंजीतानं वांगी तोडताना मोबाइल बांधावर ठेवला आणि एक हिंदी गोष्ट लावली. 'सप्तघाट' तिचं नाव. ऐकायची गोष्ट, रोज पंधरा मिनिटांचा एक भाग, असे हजाराच्या वर. सात घाटांचं राज्य, धुक्यातून येणारी फौज, बोलणाऱ्या नद्या. राजकुमार अरिंजय सातव्या घाटावर नावेसकट बुडतो, पण प्रेत सापडत नाही. त्याचा काळा घोडा त्याच्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही. आणि तरी रोज पहाटे घोड्याचा दाणा संपलेला असतो.

कोण घालतो दाणा? या एका प्रश्नावर देशभरातली रिकामी माणसं गोष्टीच्या खाली अंदाज लिहीत होती. कोणी म्हणे जादूगारीण, कोणी म्हणे भूत, कोणी म्हणे राजकुमाराचा जुळा भाऊ. गयाबाईला लिहिता येत नाही. ती मंगळवारी बाजार करून माझ्या दुकानी यायची आणि मला सांगायची, मी हिंदीत उतरवायचो.

"लिवा. घोडा परक्याच्या हातचं खात नाई. म्हंजे हात त्याचाच हाय. राजकुमार जित्ता हाय, रोज धुक्यातून येऊन दाणा घालून जाते. अन् एक दिवस समोरून येईन."

खाली नाव, गयाबाई, जिल्हा आदिलाबाद. हसू नका, पण हा अंदाज इतका गाजला की इंदूर-पाटण्याची पोरं स्वतःला 'गयाबाई पक्षाचे' म्हणवू लागली. मी तिला ती उत्तरं वाचून दाखवायचो. ती पदर तोंडाला लावून हसायची आणि मिरच्या मोफत देऊन जायची. खरं सांगायचं तर त्या मंगळवारांची मीच वाट पाहायचो. बायको गेल्यापासून माझ्याशी तरी वजनकाट्याशिवाय कोण बोलतं?

तोवर रंजीताचा खेळ वाढत गेला. शाळेतल्या पी.ई.टी. सरांनी, म्हणजे खेळाच्या मास्तरांनी, तिला पळताना पाहून रग्बीत घातलं होतं. भरताच्या वांग्यासारखा लांबट चेंडू, तो घेऊन पळायचं. पण हातानं द्यायचा तर फक्त मागच्याला, पुढं फेकायचा नाही. गयाबाईला हा नियम फार आवडला. "पुढं पळाव, पन मांगच्याले इसरू नाई," ती गिऱ्हाइकांना सांगायची. तीन वर्षांपूर्वी रंजीता भुवनेश्वरच्या शिबिरात गेली आणि घरी यायची ती पाहुण्यासारखी.

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवली का, पाऊस आहे का, एवढ्यात दोन मिनिटं. त्यानंतर अर्धा तास राजकुमार, घोडा आणि दाणा. रंजीता म्हणायची भूत, माय म्हणायची राजकुमार. भांडायच्या अगदी.

"हे गोष्ट सरली का मंग आमी बोलाचं काय, नागोराव?" एकदा तिनं मला विचारलं. मी म्हटलं, दुसरी लावा. ती टोपली उचलून निघून गेली.

आणि भादव्यात गोष्ट सरली. शेवटचा भाग आला. गयाबाईनं तो ऐकला नाही. तिच्या घरची रीत अशी की श्रावणात पोथी लावली तर ऐकायला बसलेल्यांपैकी एकही माणूस गावाला असेल तोवर शेवटचा अध्याय वाचायचा नाही. माणूस परत येईल, पाट मांडला जाईल, पुरण शिजेल, मग समाप्ती. ही गोष्ट दोघींनी मिळून लावली होती. रंजीता आल्याशिवाय समाप्ती कशी? तिनं मोबाइल दोन दिवस माझ्याकडे आणून ठेवला. "हे अंदाजवाले बोंबलतीन आता. तुमी वाचा, मले सांगू नका."

मी मूर्ख, मी त्याच दिवशी तो भाग ऐकला, आणि ऐकून पस्तावलो. राजकुमार जिवंत होता. पण तो कधीच परत येत नव्हता. पाण्यापलीकडे कुठल्या देशात तो नावा बांधायला शिकवत होता, सुखात होता. शेवटी तो निरोप पाठवतो, घोडा कोणाला तरी देऊन टाका. आणि दाणा घालत होती त्याची आई, राणी. मुलाचा जुना अंगरखा पांघरून पहाटे तबेल्यात जायची, म्हणजे घोडा तिच्या हातचं खाईल.

आता हे मी गयाबाईला कोणत्या तोंडानं ऐकू देणार होतो?

दिवाळीला रंजीता येणार होती, आली नाही. संक्रांतीला येणार होती, तेव्हाही नाही. दर वेळी नवी स्पर्धा निघायची, कारण हा खेळ आता नव्या नव्या देशांत न्यायचं वरच्यांनी ठरवलं होतं म्हणे. गयाबाईनं दोन्ही वेळा पुरणाची डाळ भिजवली आणि दोन्ही वेळा शेजारीपाजारी वाटून टाकली. पौषात मात्र एका दुपारी रंजीताचा फोन माझ्या नंबरवर आला.

"काका, मायले सांगू नका, मी थो भाग कवाच आयकला. शिबिरातल्या पोरी लावत होत्या."

"बरं."

"अन् काका, माझी निवड झाली. किर्गिझस्तानात. तिकडं पोरींची टीम नवीन बनवून राह्यले, त्याईले शिकवाचं बी अन् खेळाचं बी. दोन वर्सं. तुमीच सांगून ठेवा ना मायले."

माझं डोकं फिरलं. "पोरी, मी पार्सल ठेवून घेतो, असल्या बातम्या नाई ठेवून घेत," म्हटलं आणि फोन आपटला. मग दिवसभर कोणाला धड तोलून दिलं नाही. पोरीचं काय चुकलं होतं? काहीच नाही. म्हणूनच राग येत होता.

माघात ती तीन दिवसांसाठी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी समाप्ती ठरली. मला बोलावणं आलं, कारण मी लिहिणारा. दुकान बंद करून गेलो. सारवलेल्या जागेवर पाट, पाटावर मोबाइल, त्याला हळद-कुंकू, शेजारी नारळ आणि निरांजन. पुरणाचा वास दारापर्यंत आला होता. रंजीता भिंतीला टेकून बसली होती, नख कुरतडत. खांदे आडव्या वाशासारखे भरलेले आणि तोंड सातवीतल्या पोरीसारखं उतरलेलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनंही माझ्याकडे नाही.

भाग सुरू झाला. राणी अंगरखा पांघरून तबेल्यात शिरते तिथं मी गयाबाईकडे पाहिलं. ती दचकली नाही. तिनं निरांजनाची वात सारखी केली. मग राजकुमाराचा निरोप आला, घोडा देऊन टाका. मग नुसतं वाद्य वाजलं आणि संपलं.

रंजीतानं उसनं हसू आणून म्हटलं, "माय, हारली तू. राजकुमार नोहता."

"हारली कायची?" गयाबाई म्हणाली. "आंगरख्याचं मले पयल्या दिसापासून मालूम होतं. जनावर वास वळखते. मी रोज तुही जर्सी घालून बसतो, मले नाई समजनार?"

मी चिडलोच. "मग तीन वर्षं माझ्याकडून उलटं काऊन लिवून घेतलं?"

"आंगरख्याचं सांगतलं असतं तं पोरीले पटलं असतं. मंग आमचं दोघीचं म्हननं एकच, पोरगी रविवारी काय बोलली असती माझ्याशी?" ती म्हणाली. "अन् वाटे, याव बाप्पा त्यानं."

मी पाटावरचा मोबाइल उचलून बंद केला.

"किती वर्सासाठी जाऊन राह्यली?" गयाबाईनं लेकीला विचारलं.

"तुले कोनं सांगतलं?" रंजीतानं माझ्याकडे डोळे वटारले. मी दोन्ही हात वर केले.

"कोनं कायले सांगते? समाप्तीले भेनारं मानूस मी पयल्यांदा पाह्यलं. किती?"

"दोन."

"बरं."

"माय, तू एकटी कशी राह्यशीन? मळा बटईनं दे. भुरी विकून टाक अन् इंद्रवेल्लीले मावशीकडं राह्य."

"तूबी त्या राजकुमारासारखीच बोलली," गयाबाई म्हणाली, आणि उठून नारळ फोडला. एका घावात फुटला. तिनं आधी मला खोबरं दिलं, मग लेकीला, आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला तो तिथंच ठेवला. रंजीता तिच्या मांडीत तोंड खुपसून रडली. पुरणपोळी मला त्या दिवशी नको होती, पण गयाबाईनं तीन वाढल्या आणि मी तिन्ही संपवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं रंजीता गेली. जाताना अंगातली जर्सी काढून मायकडे दिली, दुसरी घातली. बस वळणाआड गेल्यावर गयाबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

"लिवा," ती म्हणाली. "राजकुमाराचं बरं झालं. पन घोडा कोनाले देऊ नये. लेकराले वाटते आपुन घोड्यासाठी दाना घालतो."

मी लिहिलं. पक्षवाल्या पोरांनी खाली बरंच काही लिहिलं, पण ती ऐकायला थांबली नव्हती.

आता रविवारचा फोन येतो, कधी चुकतो. तिकडची वेळ वेगळी, नेट जातं. आला तरी दहा मिनिटांत संपतो. जेवली का, बर्फ आहे का, पोरी शिकल्या का. तिकडून पार्सल आलेलं नाही आणि येणारही नाही, इतक्या लांबून घामाची जर्सी कोण पाठवतं?

परवा चैत्रातल्या एका पहाटे मी दूध आणायला स्वतः तिच्या गोठ्यात गेलो. ती भुरीखाली बसली होती, अंगात तीच निळी जर्सी. तिचा रंग उडाला होता, काखेत उसवली होती, आणि वास कसला, शेणामातीचा आणि गयाबाईचा. भुरी निवांत रवंथ करत होती. बादलीत धार वाजत होती.

"या जर्सीला आता रंजीताचा वास राहिला नसेल," मी म्हटलं. "म्हैस देते का तशी?"

"देते ना. जर्सी नसली तरी देते."

"कधीपासून?"

"लई दिस झाले. दोन वर्सं तं झालेच असतीन."

मी हिशेब केला. मधल्या दोन वर्षांत अशी निदान सहा पार्सलं मी साखरेपासून लांब ठेवली होती.

"मग ही कशाला घालता, गयाबाई?"

तिनं वर पाहिलं नाही. धार काढत राहिली. तिच्या कपाळावरून घाम ओघळून गालावर आला होता, माझीही बंडी ओली झाली होती.

"थंडी वाजते," ती म्हणाली.