धरणाच्या पाण्यावर अडीच तास

शिडाच्या होडीत बसलेला तुझा फोटो तुझ्या आईने पाठवला. अंगात केशरी जाकीट, मागे खवळलेला समुद्र. खाली तू विचारलं होतंस, आजी, तू कधी होडीत बसलीस का? त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. आता तुम्हा दोघा भावंडांना मिळून लिहिते आहे. आईने वाचून दाखवावं. यातलं बरंचसं तीही पहिल्यांदाच वाचेल.

तुमचे आजोबा गणित शिकवायचे, मी इंग्रजी. निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांच्या गावी राहायला गेलो. तुमच्या आईचं नुकतंच लग्न झालं होतं आणि ती परदेशी गेली होती. गावाच्या तीन बाजूंना धरणाचं पाणी, चौथ्या बाजूला नाला. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पुरात बुडाला की एसटी बंद व्हायची. मग पलीकडच्या डांबरी सडकेला लागायचं तर डोंग्यातून. डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरलेली अरुंद होडी. माणसं न्यायची असली की आमच्याकडचे ढिवर, म्हणजे मासेमार, दोन डोंगे बांबूंनी एकमेकांना जखडतात, म्हणजे उलटत नाहीत. वारा पाठीमागून असला तर दोन उभ्या बांबूंमध्ये धोतर नाहीतर चादर ताणून शीड करतात. वल्ह्यांनी दीड तास लागतो ती वाट शिडाने पाऊण तासात संपते.

धान निसवायला आलं होतं आणि रपटा पाण्याखाली होता. छत गळत होतं म्हणून आदल्या रात्री आम्ही खाली अंथरलं होतं. सकाळी आजोबा उठले ते पोट दुखतंय म्हणत. त्यांच्या पापण्या वर होत नव्हत्या. मी अंथरूण झटकलं, तर उशीखालून मण्यार निघाला. चावलेलं त्यांना कळलंही नव्हतं. शेजारी जमले, गावचा नावाडीही आला. कोणी म्हणालं, झाडफूक करणाऱ्याला बोलवा. मी घड्याळ पाहिलं, सात वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि म्हटलं, दवाखाना.

आजोबा बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर होते. शर्ट शोधते म्हटलं, तर नावाड्याने मला थांबवलं आणि त्यांना तसंच खांद्यावर घेतलं. मी पलंगावरची मोठी चादर ओढली आणि मागे धावले.

नावाडी आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघंही तालुक्याच्या शाळेत आजोबांच्या हाताखाली शिकलेले. डोंग्याच्या तळाला त्यांनी तणस, भाताचा पेंढा, पसरलं होतं. मी आजोबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली. माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते.

"बाई, उभ्या होऊ नोका," नावाडी म्हणाला, "आन गुर्जीले झोपू देऊ नोका."

मी त्यांना पाढे विचारू लागले. सतरा नवे? आजोबांची जीभ जड झाली होती, पण उत्तर बरोबर आलं. मग त्यांनी नावाड्याकडे बोट केलं. "याला विचार. नववीत दोनदा बसला हा."

"तीनदा, गुर्जी," नावाडी वल्हं मारत म्हणाला. "आन तुमीच बसवलं."

"आता तरी येतो का?"

"सतराचा कायले पायजे मले? मासोळ्या किलोवर जाते जी."

आजोबा हसले. ओठांची एकच बाजू हलली.

आम्ही काठापासून थोडंच आत गेलो होतो. भुरभुर पाऊस होता, पण लाटा लहान होत्या आणि वारा आमच्या पाठीवर येत होता. नावाड्याने मान वळवून वाऱ्याचा अंदाज घेतला.

"बाई, थे चादर द्या जी. वारा मांगून येऊन रायला. शीड बांधतो."

मी म्हणाले, "त्यांना थंडी वाजतेय."

खरं कारण ते नव्हतं. हा माणूस दारात दूध घ्यायलाही शर्ट घातल्याशिवाय गेला नाही. त्याला त्या चड्डीत, वाकड्या तोंडाने, त्याच्याच विद्यार्थ्यांपुढे उघडं टाकायला माझा हात धजला नाही. माझ्या अंगावर पाचवारी होती, ती फेडून देता आली असती. ते तर मनातही आलं नाही.

"द्या नं जी. काऊन नाई देत?" धाकटा म्हणाला.

"तुम्ही वल्हवा," मी वर्गात बोलायची तशी बोलले. दोघंही वल्ह्यांवर वाकले. त्यांनी परत मागितली नाही.

पुढचा पाऊण तास वारा तसाच पाठीवर राहिला. मग पाण्यात उभी असलेली एक टेकडी मागे पडली आणि तो एकदम फिरला. लाटा समोरून येऊ लागल्या. दोन्ही डोंगे कधी एकत्र वर जायचे, कधी एक वर आणि एक खाली, आणि मधले बांबू करकरायचे. धाकटा वल्हं टाकून कापलेल्या डब्याने पाणी उपसू लागला, त्यामुळे वल्हवायला एकटा नावाडीच उरला. काठावरचं एक पळसाचं झाड मी धरून ठेवलं होतं नजरेत. ते जवळच येईना. आजोबा आता पाढ्यांना उत्तर देत नव्हते, मी हात दाबला की माझं बोट दाबत होते.

तेव्हा मी चादर काढली आणि पुढे केली.

"आता काय कराचं बाई," नावाडी म्हणाला. "वारा तोंडावर हाये."

मी ती ओली चादर परत त्यांच्यावर घातली. थोड्या वेळाने त्यांनी बोट दाबणं सोडलं. श्वास चालू होता, पण मध्ये फार वेळ थांबत होता.

आम्ही काठाला लागलो तेव्हा निघून अडीच तास झाले होते. धाकट्याने पळत जाऊन जीप आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई लावली, रबरी फुग्याने श्वास दिला, बराच वेळ दिला. मग हात थांबवून म्हणाले, "बाई, थोडा उशीर झाला."

आजोबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला सगळं गाव आलं. प्रत्येक जण मला तेच सांगत होता, तुम्ही सगळं केलं, पाण्यापुढे कोणाचं काय चालतं. नावाडी मांडवाच्या कडेला बसून होता, जेवायलाही उठला नाही. पंगती आटोपल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"तेव्हा चादर दिली असती तर?"

त्याने खाली पाहिलं. "खरं सांगू जी?"

"खरंच सांग."

"पोचलो असतो बाई. वारा फिराच्या आंदी काठाले लागलो असतो." मग म्हणाला, "मीनं हिसकाले पायजे होती. पन गुर्जी उघडे पडतीन म्हून माजीबी हिंमत नाई झाली."

इतक्या माणसांत तो एकटाच माझ्याशी खरं बोलला. मी त्याला ताट वाढून आणलं. तो जेवेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.

तुमच्या आईला मी फोनवर सांगितलं होतं की त्या दिवशी वारा वाईट होता. तिने पुढे कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वारा चांगला होता. चांगला पाऊण तास चांगला होता.